पाव टक्का महागाई, सव्वापाच रेपो आणि आमचा बाळ अजून घरीच

निवांत_रामबाग (धागाकर्ता) · सोमवार, ८ डिसेंबर २०२५, सकाळी ८.४०

मंडळी, इंदूरच्या रामबागेतून एक भाबडा प्रश्न आहे. हसू नका.

शनिवारी मुदत संपलेली एफडी पुन्हा लावायला बँकेत गेलो. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिक म्हणून साडेसातच्या वर मिळालं होतं, आता पावणेसातही नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, कालच रेपो उतरलाय, अजून कमी व्हायच्या आत लावून टाका." लावून टाकली. (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं उधार देते तो दर, आता सव्वापाच.) घरी येऊन पेपर उघडला, तर ऑक्टोबरची महागाई म्हणे ०.२५ टक्के. पाव टक्का! आमच्या हिनं पेपर हातातून घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कोणत्या गावचं?"

आता तिसरी गोष्ट. आमचा बाळ, वय २४, बी.ई. मेकॅनिकल, दीड वर्ष घरी आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरला, कारखान्यांत, तीन मुलाखती झाल्या, "कळवतो" म्हणाले. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की महागाई आणि बेरोजगारी म्हणजे तराजूची दोन पारडी. एक खाली गेलं की दुसरं वर. व्याज महाग झालं की नोकऱ्या जातात, स्वस्त झालं की येतात. आता महागाई खाली, व्याजही खाली, मग नोकरी कुठं अडकली? कोणी नीट समजावेल का?

शेवबाज · सकाळी ८.५५

काका, पारड्याखाली चुंबक लावलंय कोणीतरी. सियागंजच्या घाऊक बाजारात चौकशी करा.

आकडेमोड · सकाळी १०.२०

काका, तुमच्या सरांनी चुकीचं नाही शिकवलं, पण धडा अर्ध्यातच सोडला. मी हाच विषय शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

ती पारडी आली फिलिप्स नावाच्या गृहस्थांकडून. मूळचे न्यूझीलंडचे, शिक्षणानं इंजिनिअर. १९४९ मध्ये लंडनला असताना त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा, आणि त्यातून फिरणारं रंगीत पाणी. पाणी म्हणजे देशातला पैसा. कराची एक झडप, बचतीची एक, आयातीची एक. झडप पिळली की कुठली टाकी भरते, कुठली रिकामी होते, ते वर्गातल्या मुलांना डोळ्यांनी दिसायचं. मला हे यंत्र फार आवडतं, त्यांच्या त्या प्रसिद्ध रेषेपेक्षाही जास्त.

रेषा आली १९५८ मध्ये. ब्रिटनमधले १८६१ ते १९५७ या काळातले मजुरीचे आणि बेरोजगारीचे आकडे त्यांनी समोरासमोर मांडले आणि दिसलं ते असं की बेकारी कमी असेल त्या वर्षी मजुरी झपाट्यानं वाढते. कारण साधं आहे. कारागीर मिळत नसेल तर मालक दोन पैसे जास्त देऊन पळवतो, आणि ते दोन पैसे मालाच्या किमतीत घालतो. यावरून पुढं लोकांनी हे काढलं की थोडी महागाई सोसा, नोकऱ्या विकत घ्या.

डिसेंबर १९६७ मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी एका भाषणात यातलं भोक दाखवलं, एडमंड फेल्प्सही त्याच सुमारास तेच सांगत होते. लोक मूर्ख नसतात. आमच्याकडच्या कामवाल्या मावशी दिवाळीला पगार वाढवून मागतात तेव्हा गेल्या वर्षीचा तेलाचा भाव धरत नाहीत, पुढच्या वर्षी काय होईल ते धरतात. सगळ्यांनीच असं धरलं की महागाई वाढते आणि नोकऱ्या मात्र जिथल्या तिथं राहतात. सत्तरच्या दशकात तेल भडकलं आणि दोन्ही पारडी एकदमच वर गेली. तराजूत हे बसतच नव्हतं.

मग अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख म्हणून पॉल व्होल्कर आले, ऑगस्ट १९७९. त्यांनी व्याजाची झडप अशी पिळली की १९८१ मध्ये तिथला मुख्य दर २० टक्क्यांच्या आसपास गेला. १९८० च्या मार्चमध्ये जवळपास १५ टक्के असलेली महागाई १९८३ पर्यंत ३-४ वर आली. त्याची किंमत म्हणजे १९८२ च्या शेवटी १०.८ टक्के बेरोजगारी. घरं बांधणारे ठेकेदार निषेध म्हणून व्होल्करना लाकडाचे ठोकळे पोस्टानं पाठवत होते, कारण ते लाकूड घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

म्हणजे महागाईवर औषध आहे. फक्त ते एकाला पाजतात आणि बरं दुसऱ्याला वाटतं.

शेवबाज · सकाळी १०.३१

ताई, अमेरिका झाली. आता आपल्या इंदूरच्या राजवाड्याला उतरा.

देवासकर · सकाळी ११.०५

उतरतो मी. माझी देवासजवळ जमीन आहे, बटाईनं देतो, म्हणून मंडीत येणं-जाणं असतं.

काकू विचारून राहिल्या आहेत, पाव टक्का कोणत्या गावचा? काकू, तो आमच्या गावचा. २०१२ आधारवर्षाच्या या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीनं डोळ्यांत पाणी आणलं होतं, तेव्हा महागाई होती ६.२१. यंदा कांदा-बटाटा-लसूण सगळंच पडलं, त्यात तुलना त्या चढ्या आकड्याशी, वर सप्टेंबरच्या २२ पासून जीएसटी उतरला. झाला पाव टक्का. कोणी स्वस्ताई आणलेली नाही. चोइथराम मंडीत शेतकरी गोणी टाकून निघून जात होता, त्याचं भाडंही निघत नव्हतं, ती ही स्वस्ताई.

सोयाबीन घ्या. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, मंडीत त्याच्या खाली विकलं जात होतं. सरकारला भावांतर योजना काढावी लागली, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक द्यायचा. आता शेतकऱ्याच्या खिशात कमी आलं तर तो यंदा ट्रॅक्टर बदलणार नाही, पोरीचं लग्न पुढच्या वर्षी, कापड मार्केटची फेरी रद्द. काका, तुमच्या बाळाला ज्या कारखान्यानं "कळवतो" म्हटलं, त्याचा माल शेवटी कोण घेतो ते पाहा.

माझं म्हणणं एवढंच की रेपो रेट कांद्याला ऐकू येत नाही. पाऊस लागला तर कांदा महाग, रिझर्व्ह बँकेनं व्याज वाढवून पाऊस थांबत नाही.

आकडेमोड · सकाळी ११.४०

देवासकर, निम्मं मान्य. कांद्याला ऐकू येत नाही हे खरं. पण कांदा महाग झाला म्हणून रिक्षावाला भाडं वाढवतो, शिकवणीवाला फी वाढवतो, आणि कांदा उतरल्यावर यातलं काहीच उतरत नाही. रिझर्व्ह बँक लढते ती या दुसऱ्या फेरीशी. जुलै २०२३ आठवा, टोमॅटोपायी महागाई ७.४४ झाली होती. तेव्हा त्यांनी दर वाढवला नाही. साडेसहावर हात बांधून बसले, टोमॅटो आपोआप उतरला. तेव्हा ते थांबणं बरोबरच होतं असं माझं मत.

उलट २०२२ मध्ये उशीर केला. एप्रिलमध्ये महागाई ७.७९ आणि रेपो ४. मग ४ मे रोजी ठरलेल्या बैठकीच्या बाहेर, अचानक, ०.४० वाढवला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर नेला. कायद्यानं त्यांना ४ टक्क्यांचं लक्ष्य दिलंय, दोन इकडे दोन तिकडे. सलग तीन तिमाह्या ६ च्या वर गेली तर सरकारला लेखी खुलासा द्यायचा. २०२२ मध्ये तो द्यावा लागला, पहिल्यांदाच.

आणि हो, एक लक्षात घ्या. त्या लक्ष्यात नोकऱ्यांचा आकडाच नाही. अमेरिकेच्या बँकेला कायद्यानं दोन्ही सांभाळायला सांगितलंय, किमती आणि रोजगार. आपल्या कायद्यात "वाढीचं भान ठेवून किंमतस्थैर्य" असं आहे. बाळची नोकरी त्या "भान" शब्दात बसते.

निवांत_रामबाग · दुपारी १२.१५

हे माहीत नव्हतं. पण मग व्याज उतरल्यावर कारखानदार माणसं का घेत नाही? फेब्रुवारीपासून सव्वा टक्का उतरलं ना?

सांवेररोडवाला · दुपारी १.५०

जेवणाच्या सुट्टीत लिहून राहिलो आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काका, इंदूरच्या सांवेर रोडला माझं वर्कशॉप आहे, चौदा माणसं. जॉब वर्क करतो, पीथमपूरच्या मोठ्यांसाठी सुटे भाग. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची उधारी, आहे चाळीस लाखांची. सव्वा टक्का उतरलं म्हणजे पूर्ण लिमिट वापरली तर वर्षाला पन्नास हजार वाचले. महिन्याला चार हजारांच्या आसपास. त्यात माणूस येतो का? हेल्परही येत नाही.

माणूस मी व्याज पाहून ठेवत नाही, ऑर्डर पाहून ठेवतो. ऑर्डर वाढली तरी आधी ओव्हरटाइम, मग ठेकेदाराचा माणूस, आणि सहा महिने टिकली तर आपला. जाताना मात्र उलटं, ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी बंद. २०२२ ला व्याज चढलं तेव्हा मी कोणाला काढलं नाही, पण एक व्हीएमसी मशीन (धातू कापणारं संगणकी यंत्र) घेणार होतो ती घेतली नाही. त्या मशीनवर दोन पोरं लागली असती. ती दोन पोरं कोणत्याच आकड्यात नाहीत, कारण ती आलीच नाहीत.

आणि व्याजापेक्षा मला मारतं ते पेमेंट. बिल नव्वद दिवसांनी मिळतं. कागदावर पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, मोठ्या गिऱ्हाइकाला तो दाखवून तर बघा, पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते.

शेवबाज · दुपारी २.०२

"ती दोन पोरं आलीच नाहीत." भिया, आज जेवण गोड लागणार नाही.

आकडेमोड · दुपारी २.३०

सांवेररोडवाला यांनी जे लिहिलं ते पुस्तकात तीन प्रकरणं घेतं.

इंदूरच्या माणसाला समजेल असं सांगते. जलूदला नर्मदेवर पंप वाढवले म्हणून रामबागेतल्या नळाला त्याच सकाळी धार वाढत नाही. सुमारे ७० किलोमीटर पाइप, मध्ये टाक्या, गळती, आणि आपल्या गल्लीची पाळी एक दिवसाआड. रेपो म्हणजे जलूदचा पंप. बँका, त्यांची जुनी महाग घेतलेली ठेव, उद्योगाची जुनी उधारी, यातून उतरत उतरत परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. फेब्रुवारीत सोडलेलं पाणी बाळपर्यंत यायला वेळ आहे. आणि टाकी आधीच भरलेली असेल, म्हणजे कारखान्याची आहे तीच क्षमता पूर्ण वापरात नसेल, तर पाणी येऊनही उपयोग नाही.

पोहे_विना_जलेबी · दुपारी ३.१०

कोचिंगवाल्या भंवरकुआवरून हजर. एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा, तयारीचं चौथं वर्ष. आमच्या लायब्ररीत एसीच्या हवेपेक्षा उसासे जास्त.

बेरोजगारीच्या आकड्याबद्दल मला बोलायचंय. सरकारी श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ ला ६.१ टक्के होती, २०२३-२४ ला ३.२. निम्मी! मग आम्ही इतके लोक इथं काय करतोय? १५ ते २९ वयात तोच आकडा १०.२ आहे. आणि व्याख्या वाचा. साप्ताहिक पद्धतीत आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलं तरी तुम्ही कामावर. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत केली तरी कामावर. काम शोधतच नसाल तर तुम्ही बेरोजगारही नाही, मोजणीच्याच बाहेर.

करोनात काय झालं? शहरातून लोक गावी गेले, शेतावर बसले. कामकऱ्यांमधला शेतीचा वाटा २०१८-१९ ला ४२.५ होता, २०२०-२१ ला ४६.५ झाला. यात कोणी बेरोजगार दिसलं नाही. एका भाकरीला चार हात लागले, एवढंच.

म्हणून काका, फिलिप्सची पारडी आपल्याकडे नीट हलत नाहीत. तिथं नोकरी गेली की माणूस भत्त्याच्या रांगेत उभा राहतो, मोजता येतो. इथं तो मामाच्या दुकानात बसतो.

निवांत_रामबाग · दुपारी ३.४०

थांबा थांबा. आमची ही घरून चकल्या, शंकरपाळे, मसाले यांच्या ऑर्डरी घेते. बाळ स्कूटरवर पोचवून येतो, पैसे काही घेत नाही. म्हणजे तो...?

पोहे_विना_जलेबी · दुपारी ३.४२

अभिनंदन काका, बाळ रोजगारावर आहे.

निवांत_रामबाग · दुपारी ३.४४

हे त्याला सांगू की नको?

शेवबाज · दुपारी ३.४५

आधी काकूंना सांगा. त्या उद्योजिका आहेत, तुम्ही मात्र ठेवीदार.

गिरणगल्ली · संध्याकाळी ६.३०

सगळं वाचलं. थोडं जुनं सांगते.

माझे बाबा इथल्या एका गिरणीत साचेवाले होते. मी सातवीत असताना गिरणी बंद झाली. १९९१ सालाबद्दल सगळे सोनं गहाण टाकल्याचं, रुपयाचं अवमूल्यन झाल्याचं बोलतात. ऑगस्टात घाऊक महागाई १७ टक्क्यांच्या घरात गेली होती, रिझर्व्ह बँकेनं बँक दर जुलैत ११ आणि ऑक्टोबरात १२ केला. आमच्या घरात त्या वर्षी तिन्ही एकदम आलं. पगार बंद, किराणा महाग, आणि सोसायटीच्या कर्जावर व्याज चढं. पारडी वगैरे काही नाही, अख्खा तराजू अंगावर.

या शहरातली हुकुमचंद मिल त्याच डिसेंबरात बंद पडली. तिथल्या ४,८०० कामगारांची देणी ३२ वर्षं कोर्टकचेरीत अडकली. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा धनादेश निघाला. मी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. बाबा नव्हते, त्यांचे मित्रही फारसे नव्हते.

हिशेब करा. महागाई सरासरी ७ टक्के धरली तर दर दहा वर्षांनी किमती दुप्पट. ३२ वर्षांत शंभराचे साधारण पावणेनऊशे. १९९१ ला ज्या थकबाकीत छोटं घर आलं असतं, त्यात आता बाथरूमच्या फरश्या येतील. बेरोजगार माणसाचं देणं जितकं थांबवाल तितकं महागाई ते परस्पर फेडून टाकते. देणाऱ्याला यासारखं सोयीचं काही नाही.

सांवेररोडवाला · संध्याकाळी ६.५०

ताई, नमस्कार तुमच्या बाबांना. माझा चुलताही गिरणीत होता. पण व्याजानं गिरण्या बंद झाल्या असं कोणी समजू नये म्हणून सांगतो. साचे जुनाट होते, पॉवरलूमचं कापड निम्म्या खर्चात येत होतं, दुखणं वीस वर्षांचं होतं. १९९१ नं फक्त दार लावलं.

गिरणगल्ली · संध्याकाळी ६.५८

बरोबर आहे. बाबाही हेच म्हणायचे. पण दार लागलं तेव्हा आत तेच होते.

मूळची_इंदूरची · रात्री ९.१५

पुण्यातून. विषय गृहकर्जाकडे वळवला तर चालेल का? रेपो सव्वा टक्का उतरला, माझा हप्ता एक रुपयाही उतरला नाही. बँकेला दोनदा मेल टाकली.

आकडेमोड · रात्री ९.४०

दोन गोष्टी तपासा. एक, कर्ज कधीचं आहे? १ ऑक्टोबर २०१९ नंतरचं बदलत्या दराचं असेल तर बँकेला ते बाहेरच्या निकषाशी, बहुतेक रेपोशीच, जोडावं लागतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. त्याआधीचं असेल तर तुम्ही जुन्या, सुस्त पद्धतीवर आहात. थोडं शुल्क भरून बदलून घ्या. दोन, बँका दर उतरला की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. खात्याचा उतारा पाहा, महिने कमी झालेले दिसतील.

अंदाज यावा म्हणून: ३० लाख, २० वर्षं, ९ टक्क्यांनी हप्ता २६,९९२. पावणेआठनं २४,६२८. महिन्याचे साधारण २,३६० रुपये. हे पैसे तुम्ही खर्च केलेत तर सांवेर रोडला ऑर्डर येईल, बँकेनं मुदतीत जिरवलेत तर येणार नाही. एवढ्याशा तपशिलावर रेपोचा अर्धा परिणाम अडलेला असतो.

आणि काका, तुमची एफडी राहिलीच. एप्रिल २०२२ ला मिळत होतं समजा साडेपाच, महागाई ७.७९. म्हणजे तुम्ही दरवर्षी दोन टक्क्यांच्या वर गमावत होतात आणि पासबुकात व्याज जमा झालेलं पाहून खूश होतात. आज साडेसहा मिळतंय, महागाई पाव टक्का. खरं व्याज आत्ता जास्त आहे. कर्ज काढणाऱ्याला मात्र हेच खरं व्याज बोचतं, म्हणून दर उतरवूनही ते स्वस्त वाटत नाही.

निवांत_रामबाग · रात्री १०.०५

ताई, हिशेब पटला, पोटाला पटेना. माझी बीपीची गोळी आणि मेडिक्लेमचा हप्ता पाव टक्क्यानं नाही वाढला.

आकडेमोड · रात्री १०.१२

तेही खरंच. खाणं आणि इंधन वगळून पाहिलं तर महागाई ४ च्या वर आहे, त्यात सोन्यानं भर घातलीय. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर भाजीपेक्षा औषधाचं बिल मोठं. तुमच्यापुरता निर्देशांक तुम्हालाच काढावा लागेल.

देवासकर · मंगळवार, सकाळी ७.५०

रुपयाचा विषय कोणीच काढला नाही. गेल्या आठवड्यात डॉलरला ९० च्या वर गेला. व्याज आणखी उतरवलं तर बाहेरचा पैसा इथं थांबायला कमी राजी, रुपया आणखी ढिला. आणि आपण खायचं तेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. म्हणजे कर्ज स्वस्त करता करता कढई महाग होऊ शकते. म्हणून जूनमधला अर्धा टक्का सोडला तर ते पाव-पाव टक्क्यानं, जपून उतरून राहिले आहेत.

निवांत_रामबाग · सकाळी ९.३०

कढईचं हिच्याही लक्षात आलंय. तेलाचा डबा चढ्या भावानं आला म्हणून चकलीचा भाव किलोमागे ४० रुपयांनी वाढवला.

बाळला पीथमपूरहून फोन आला. ठेकेदारामार्फत, सहा महिन्यांसाठी, रुजू व्हायचं सोमवारी. तो जाईन म्हणतोय. सांवेररोडवाले, तुम्ही म्हणालात तसं सहा महिने ऑर्डर टिकली तर आपला, बरोबर ना?

सांवेररोडवाला · सकाळी ९.४१

बरोबर. मार्चअखेर गिऱ्हाईक शेड्यूल वाढवतं का ते त्याला पाहायला सांगा, दोन महिने आधी कळतं. आणि पीएफचा नंबर पहिल्या दिवशी मागून घ्यायला सांगा, ठेकेदार विसरतात.

शेवबाज · सकाळी ९.५५

काका, मग चकल्या पोचवणार कोण? माझी अर्धा किलो बाकी आहे. जुन्या भावानं सांगितली होती.

निवांत_रामबाग · सकाळी १०.०२

मी येतो घेऊन. भाव नवा.